मानपत्रातली हाताची ओळ

आठ वर्षांची असताना मला केसाला धरून ऊसतोडीच्या ट्रकवरून खाली ओढलं गेलं, म्हणून मी आज परभणीला कॉलेजात आहे. हे वाक्य मी चार वेळा खोडलं. पण याहून सौम्य शब्दांत ते खरं राहत नाही.

ओढणारे होते गिरणीवाले तात्या. आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच त्यांची पिठाची गिरणी आहे. ते शाळा समितीवर होते, त्याचा पगार नव्हता की भत्ता नव्हता. दरवर्षी दिवाळीनंतर ट्रक निघायचे त्या दिवशी ते पहाटेच फाट्यावर जाऊन उभे राहायचे. गुरुजींनी सांगितलेली पोरांची नावं त्यांना तोंडपाठ असत. जी पोरं आईबापाबरोबर निघाली असतील त्यांना ते उतरवून घ्यायचे आणि शाळेतल्या हंगामी वसतिगृहात आणून सोडायचे. उतरवायचे म्हणजे समजूत घालून नव्हे. ते शिव्या द्यायचे, पोरांना मारायचे, कधी बापांनाही ढकलायचे. गावातली पोरं त्यांना पोलिसापेक्षा जास्त भ्यायची.

त्या वर्षी मला न्यायचं ठरलं होतं. माझा भाऊ पाच महिन्यांचा होता आणि आई उसाच्या फडात गेल्यावर त्याला पाचटाच्या कोपीत सांभाळायला कुणीतरी लागणार होतं. आमचा ट्रक सगळ्यात शेवटी होता. आत सगळी आमच्याच भावकीतली माणसं. मी भांड्यांच्या गोणीवर बसले होते.

तात्यांनी मागच्या फळीवर पाय दिला आणि माझी वेणी धरली.

"उतर खाली."

"सोड पोरीला," बाबा म्हणाले.

"साळंत नाव हाय तिचं. उतर म्हनलं ना!"

बाबांनी माझा दंड धरला. दोघं मला दोन्हीकडून ओढू लागले. माझा खांदा निखळतो की काय असं वाटत होतं आणि मी ओरडत होते, कुणाच्या नावानं ते आठवत नाही. मग बाबांनी बाजूचा कोयता उचलला. उलट्या बाजूनं मारला, एवढं मी शपथेवर सांगू शकते. पण पूर्ण ताकदीनं मारला. तात्यांच्या डाव्या मनगटावर वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. त्यांनी तो हात सोडला आणि उजव्या हातानं माझी वेणी परत धरली. मी खाली रस्त्यावर पडले. गुडघे फुटले. मुकादम पुढून ओरडला, "चला, चला!" बाबा हातातल्या कोयत्याकडे बघत राहिले. आई बाळाला छातीशी धरून किंचाळत होती. ट्रक गेला.

फाट्यावर आता आम्ही दोघंच होतो. तात्यांचा हात मनगटापासून लोंबत होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. ते मला तसंच ओढत शाळेच्या फाटकापर्यंत घेऊन आले. म्हणाले, "तोंड उघडलंस तर तंगडं मोडीन." मग ते गिरणीत गेले. मला गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यानंतर त्यांची किंकाळी. इतका वेळ दाबून धरलेली असावी. माणसं धावली. तात्यांचा हात पट्ट्यात गेला, असं सगळ्या गावानं ऐकलं. परभणीला नेऊन प्लास्टर घातलं, पण हात वाकडाच बसला. त्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

खरं पाहिलेली माणसं सहा महिन्यांनी परत आली, तोवर पट्ट्याची गोष्ट पक्की झाली होती. बाबांनी मला एकदाच विचारलं, "काय बोललीस का?" मी नाही म्हणून मान हलवली. एवढंच.

मला तात्यांचा राग यायचा, हेही सांगितलं पाहिजे. वसतिगृह म्हणजे नुसतं दोन वेळचं जेवण, म्हणून त्या हंगामात मी चुलतीकडे झोपायचे आणि शाळेत जेवायचे. चुलती उलथन्यानं मारायची. वसतिगृहात ताटावरून मारामाऱ्या व्हायच्या. एका पोरानं माझं डोकं हातपंपाच्या दांड्यावर आपटलं होतं, त्याची खूण अजून भांगात आहे. रात्री मला बाळाचं रडणं ऐकू आल्यासारखं व्हायचं. हे सगळं मी तात्यांच्या नावावर मांडत असे. उपकार वगैरे कळायला माझा बारावीचा निकाल लागावा लागला.

यंदा शाळेच्या मॅडमचा फोन आला. विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि शाळेसाठी राबणाऱ्यांचा सत्कार ट्रक जायच्या आधीच्या आठवड्यात ठेवला होता, म्हणजे आईबापांना हजर राहता येईल. तात्यांना मानपत्र द्यायचं होतं. "ते तूच वाच," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या वस्तीतून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी तू. परभणीत छापूनही घे." मजकूर त्यांनी मोबाईलवर पाठवला. त्यात एक ओळ होती: "गिरणीच्या पट्ट्यात हात जायबंदी होऊनही ज्यांनी शाळेची सेवा सोडली नाही."

ती ओळ मी वाचायची होती. बाबा समोर बसणार होते.

मी गावी गेले आणि आधी गिरणीत गेले. तात्या उजव्या हातानं पायलीभर ज्वारी ओतत होते. गिरणीच्या आवाजात मला ओरडूनच बोलावं लागलं.

"तात्या, ती पट्ट्याची ओळ मी कशी वाचू?"

त्यांनी गिरणी बंद केली. "कशी म्हंजी? तोंडानं."

"ते खरं न्हाई ना."

"कालेजात खरं-खोटं शिकवायलेत वाटतं." ते दाराकडे बघून आवाज उतरवत म्हणाले, "माझे दोन पुतणे बघितलेस का? तवा ते मिसरूड फुटलेली पोरं व्हती. तुझ्या बापानं मारलं म्हनून कळलं असतं तर ट्रक माजलगावच्या पुढं गेला नसता. तुझ्या बापाला फाडला असता त्यांनी. आता बी फाडतील."

"बारा वर्षं झाली, तात्या."

"म्हनून काय झालं? हात तर दिसतोच की रोज." त्यांनी तो वाकडा हात माझ्या तोंडासमोर धरला. "बापाचं नाव घेतलंस तर माइक काढून तुझ्या टाळक्यात घालीन. गुमान वाच."

मला वाटलं, मी मध्यम मार्ग काढू शकते. परभणीला परतल्यावर छपाईच्या दुकानात संगणकासमोरच्या पोरानं विचारलं, "ताई, हे असंच फायनल का?" मी त्याला थांबवलं. तो दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेकडे वळला, पुन्हा विचारलं, मी पुन्हा थांबवलं. शेवटी मी ओळ बदलली. "एका लेकराला शाळेत राखताना ज्यांचा हात मोडला." कुणाचंच नाव नव्हतं. खोटंही नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही, असं मला खरंच वाटलं. तीन वर्षं शहरात राहून मी गाव विसरले होते.

शाळेच्या मैदानात मंडप होता. पुढे बक्षिसाची पोरं सतरंजीवर बसलेली, केसांना तेल, गळ्यात कागदी फुलं. वाचनात पहिला आलेला, पूर्ण हजेरीवाली, चित्रात जिंकलेली. मागे खुर्च्यांवर माणसं. बाबा डाव्या अंगाला शेवटच्या रांगेत होते. पोषण आहार शिजवणाऱ्या बायांचे सत्कार झाले, शाळेच्या झाडांना उन्हाळाभर पाणी घालणाऱ्यांचे झाले. मग तात्यांना शाल आणि नारळ दिला आणि मी माइकपाशी गेले.

हाताच्या ओळीपर्यंत मी वर बघितलंच नाही. ती ओळ वाचली आणि पुढची वाचायला लागले.

"थांब," थोरला पुतण्या उठून उभा राहिला. "हात मोडला म्हंजी? पट्ट्यात गेलता ना आमच्या काकाचा हात?"

"बस खाली," तात्या म्हणाले.

"बसतो की. पर कोणतं लेकरू? आमाला तर ठावच न्हाई."

कुणीतरी हसलं. तेव्हा बायकांच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ती फक्त आठवत होती. "तात्याचा हात गेला त्या दिशी शेवटच्या गाडीवरून एकच तर पोरगी मागं राहिली व्हती."

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग माना वळल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन थांबल्या. बाबांनी मान खाली घातली. नाकारलं असतं तर कदाचित निभावलं असतं, पण त्यांनी मान खाली घातली.

थोरल्यानं समोरची खुर्ची उचलली आणि माणसांच्या डोक्यावरून नेत बाबांच्या तोंडावर घातली. प्लास्टिकची खुर्ची, तिचा पाय मोडून त्याच्या हातात राहिला. त्या पायानं तो मारत सुटला. धाकट्यानं बाबांना कॉलरला धरून खाली पाडलं आणि छातीत लाथा घातल्या. "बारा वर्षं जेवलास का रे सुखानं?" तो प्रत्येक लाथेला हेच विचारत होता. आमच्या भावकीतले तिघंचौघं धावले आणि मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. एका माणसाचं डोकं मंडपाच्या खांबावर आदळलं. बाया पोरांना ओढून भिंतीकडे पळाल्या. बक्षिसांचं टेबल उलटलं, कंपासपेट्या आणि वह्या पायाखाली आल्या. पोरं एका सुरात रडत होती. बाबांनी हात वर केला नाही. मारायला नाही आणि अडवायलाही नाही. त्यांच्या नाकातून रक्त येऊन शर्टाचा पुढचा भाग भिजला होता. मी माइकमध्येच "सोडा, सोडा" ओरडत होते, आणि माझाच आवाज कर्ण्यातून गावभर फिरत होता.

तात्या खांद्यावरच्या शालीसकट गर्दीत घुसले. नारळ अजून त्यांच्या उजव्या हातात होता. तो त्यांनी थोरल्याच्या पाठीत असा घातला की तो गुडघ्यावर आला. धाकट्याला लाथ मारून बाजूला केलं.

"काका, यानं तुमचा हात..."

"हात कुनाचा मोडला?" तात्या ओरडले. "माझा का तुझा?"

"तुमचा."

"मंग मारायचं बी माझंच. तुला कुनी आवतन दिलं?"

नारळ टाकून त्यांनी बाबांना शर्टाला धरून उठवलं. बाबा उभे राहिले, जेमतेम. तात्यांनी सगळ्या गावादेखत त्यांच्या तोंडात मारली. एकच. मग वळून पुतण्यांना म्हणाले, "झालं. फिटलं. आता याच्या अंगाला कुनी बोट लावलं तर त्याची गाठ माझ्याशी."

पुतणे घाम पुसत उभे राहिले. थोरला काहीतरी पुटपुटला, पण पुढे आला नाही. त्याच्या काकाचं येणं काकानं वसूल केलं होतं, त्याला आता बोलायला जागा नव्हती. आमच्या भावकीतल्यांनाही नव्हती.

तात्या माझ्याजवळून जाताना थांबले. त्यांना धाप लागली होती. "झाला का सत्कार? बस झालं का?"

मी "तात्या" म्हणाले. त्यांनी शाल काढून माझ्या समोरच्या टेबलावर टाकली आणि ते गिरणीकडे गेले. मानपत्र माझ्याच हातात राहिलं, घामानं कोपरे मऊ पडलेलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी गिरणीत जाते, दळण ठेवते, ते डब्याला हात लावतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. मी जे फेडायला गेले होते ते त्यांनाच पुन्हा भरावं लागलं, हे मला कळतं. खरं बोलल्याचं समाधान मला झालं का, असं मैत्रिणी विचारतात. मला अजून सांगता येत नाही.

मॅडम धीराच्या. त्यांनी सतरंज्या झटकायला लावल्या, वह्या गोळा केल्या आणि माइक हातात घेतला. "पोरांचा गुणगौरव राहिलाय, कुणी जाऊ नका," म्हणाल्या. आश्चर्य म्हणजे बरीच माणसं खरंच थांबली.

मी बाबांना शाळेच्या नळावर नेलं. ओंजळीनं तोंड धुतलं, त्यांच्या रुमालानं नाक दाबून धरलं. एक डोळा मिटत चालला होता. आतून पोरांची नावं ऐकू येत होती, आणि प्रत्येक नावानंतर थोड्या टाळ्या.

"लय लागलं का?" मी विचारलं.

"खुर्चीचं लागलं. लाथा बी लागल्या." ते थांबले. तोंडात आलेलं रक्त थुंकले. "तात्याचं न्हाई लागलं."

"का?"

"त्यानं डाव्या हातानं मारलं." बाबांनी गालाला हात लावला आणि तसाच ठेवला. "काहीच जोर न्हाई राहिला गं त्या हातात. काहीच न्हाई."

मग ते नळाच्या कठड्यावर बसून रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी नळ चालूच ठेवला.