मीटर उलटं फिरलं तेव्हा

मापाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बायकोसुद्धा रागावली की "अहो मापाडी" म्हणायची. टेकडीवरचं शहर आणि पायथ्याचं शहर, दोहोंची पाणीयोजना एक, पंपघर एक. ज्याने जेवढं पाणी घेतलं तेवढा खर्चाचा वाटा त्याचा. पंपघरातून दोन मोठे नळ फुटत, दोन्हींवर खोल खड्ड्यात एकेक मीटर, आणि ती वाचणारा हा एकटा. वाचायची रीतही ठरलेली. दोन्ही नगरपालिकांचे कारकून खड्ड्याच्या काठावर उभे राहत, मापाडी शिडीने आत उतरे, बाहीने काच पुसे आणि आकडा तीनदा मोठ्याने सांगे. बावीस वर्षांत त्याच्या आकड्याला कुणी "कसं काय?" म्हटलं नव्हतं. ही एवढीच त्याची इस्टेट.

यंदा टेकडीचा आकडा घसरला. तिथे नवी घरं उठलेली, उंच नवी टाकी झालेली, आणि पाणी म्हणे कमी लागलं!

पायथ्याचा कारकून हसत म्हणाला, "मापाडी, टेकडी तुमची सासुरवाडी ना? जावयानं आहेर केलेला दिसतो."

"साहेब, मीटरला सासू नसते," मापाडी म्हणाला.  पण परवा दोन्ही शहरांची बैठक होती आणि आकड्याखाली सही त्याची लागणार होती.

घरी बायको म्हणाली, "आणि माझी आई रोज फोनवर रडते, दुपारनंतर नळाला थेंब नाही म्हणून. टेकडीला पाणी कमी लागलं म्हणता, मग तिचं गेलं कुठे?"

 मीटर खोटं म्हणावं, तर आपली बावीस वर्षं खोटी. खरं म्हणावं, तर टेकडीला पाणी कमीच लागलं, म्हणजे सासूबाई खोट्या. आणि त्या बाईच्या तोंडून खोटा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन खड्ड्यात जाऊन बसला. सकाळभर टेकडीचं मीटर सरळ फिरत राहिलं. दुपारी पंप विसाव्याला थांबला, तशी मीटरची चकती थांबली. मग हलली. उलटी. मापाडीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. चकती आपली मागे मागे. शेजारचं पायथ्याचं मीटर मात्र पुढे पळत होतं.

टेकडीच्या उंच टाकीतलं पाणी आल्या वाटेने खाली उतरून पायथ्याच्या नळात शिरत होतं. परतीची वाट अडवणारी झडप नळात नव्हतीच. टेकडीच्या ठरावात लिहिलं होतं, "झडप पायथ्याने बसवावी." पायथ्याच्या ठरावात, "टेकडीने बसवावी."

म्हणजे आकडा बरोबर? जे परत गेलं ते वजा झालं, ज्यांनी वापरलं त्यांच्या खात्यात चढलं. हिशेब चोख. आणि तरीही सासूबाईंची बादली कोरडी. मापाडीला काही केल्या उमगेना, की चोख मापात चूक बसते तरी कुठे.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "आकडा बरोबर आहे ना? करा सही."

"आकडा बरोबर आहे, साहेब. पाणी चुकलंय."

"हे काय कोडं घालता?"

"मलाही सुटलेलं नाही. आधी सगळे खड्ड्यापाशी चला. त्याशिवाय पेन हातात धरणार नाही."

कुरकुरत गेले सगळे. दुपारी पंप थांबला आणि चकती उलटी फिरू लागली. पायथ्याचा कारकून वाकून बघत राहिला. आहेराची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

"मग आता हे पाणी नेमकं कुणाचं?" टेकडीच्या इंजिनिअरने विचारलं.

 मापाडीने मांडीवर कागद ठेवला, आकडा लिहिला, खाली लिहिलं, "दुपारी मीटर उलटं फिरतं, स्वतः पाहिलं," आणि सही केली. मग कागद पुढे करून म्हणाला, "तुम्हीही पाहिलंत. तुमच्याही सह्या करा."