दादाचा कोयता

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, आमच्या टोळीत सगळे 'नवाब' म्हणत. ते नाव मीच पाडलं होतं.

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम मी. माजलगावकडच्या उसाच्या फडात दादा तोडलेल्या उसाची मोळी उचलायला वाकला की त्याच्या छातीत धडधडायचं, चेहरा पांढराफटक पडायचा, थंडीतही सदरा घामानं ओला व्हायचा. घटकाभर बांधावर बसला की पुन्हा ठणठणीत. मी ओरडायचो, "नवाबाला पालखी आणा रे!" सगळे हसायचे. दादाही हसायचा. वहिनी मात्र त्याच्या वाटणीच्या मोळ्या मुकाट्यानं वाहायची.

माझ्या म्हातारपणी लेकीच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा तो आजार रक्तातून उतरणारा होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला अचानक घाम, धडधड होते का?"

लेक दादाला मोठा बापू म्हणते. ती म्हणाली, "मोठ्या बापूला हुतंय की! पर ते नाटक हाय म्हनत्यात आमचे अण्णा."

अण्णा म्हणजे मी. मीच दादाला दवाखान्यात बोलावून घेतलं.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. हे आम्हा दोघा भावांना वडिलांकडून आलं होतं, लेकीला माझ्याकडून. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. त्याच आजारानं दादाच्या त्या ग्रंथीतही गाठ झाली होती. तो वाकला की ती दाबली जायची अन् अंगात तुफान उठायचं. आधी दादाच्या त्या गाठीचं, मग आम्हा तिघांच्याही गळ्याचं ऑपरेशन झालं, तिघंही धडधाकट घरी आलो. लेकीच्या मुलीचं, माझ्या नातीचं, रक्त साफ निघालं, तेव्हा दादानं दवाखान्याच्या पायरीवरच पेढे वाटले. रखवालदाराला दोन दिले.

दसऱ्याला, टोळी निघायच्या आधी, आमच्याकडे सगळ्यांचे कोयते एकत्र पुजतात. पहिला मान सगळ्यात जास्त ऊस तोडणाऱ्याचा. दादाचा कोयता कायम शेवटी, कोपऱ्यात असायचा. यंदा तो गंजलेला कोयता मी घासून पहिला मांडला अन् सगळ्यांपुढं बोललो, "दादा कामचोर नव्हता. आजारी होता. आजारपणातही त्यानं इतकी वर्षं ऊस तोडला. नवाब म्हणून मी त्याला बदनाम केलं."

वहिनीनं पदर डोळ्याला लावला.

दादा म्हणाला, "झालं का रं तुझं? आता आरती कर. अन् पहिला मान दिला म्हनून फडात न्हेशील, तर म्या येनार न्हाई. आत्ता कुठं निवांत बसायला गोड लागाय लागलंय!"

सगळ्यात आधी वहिनी हसली. मग आरतीचं ताट तिनं दादाच्याच हातात दिलं.