सरांच्या लॅबमधली हिरवी चमक

लॅब सोडली, पण लॅबचे किस्से काही सुटत नाहीत. डीप फ्रीजरमध्ये बर्फ साचतो तसे साचत जातात. कुणी खरवडतच नाही! म्हणून मीच खरवडतो. पीएचडी अर्धवट सोडलेल्या माणसाला तेवढा वेळ असतोच.

पहिला मान त्या फ्रीजरचाच. उणे ऐंशी डिग्रीचा. वरच्या कप्प्यात आमच्या कॅन्सरच्या पेशी, खालच्या कप्प्यात आमच्या गाईड सरांच्या घरचा आमरस. डब्यावर चिठ्ठी : ‘संशोधनासाठी. हात लावू नये.’ एकदा मे महिन्यात लाईट गेली ती गेलीच. सरांनी शिपायाला बर्फाची पेटी घेऊन पिटाळलं. आम्हाला वाटलं, पेशी वाचल्या! पेटीतून आमरस घरी गेला. पेशी मेल्या.

मी तोंड उघडलं तर सर म्हणाले, “पेशी परत मागवता येतात रे. असा केसर मिळतो का परत?”

*

रिसर्च पेपरवर नावं टाकायची सरांची पद्धत ठरलेली. आधी सर. मग मॅडम, म्हणजे सरांची बायको, ज्या शाळेत इतिहास शिकवतात. मग चिरंजीव, जे लातूरला नीटच्या क्लासला होते. ज्यानं उन्हातान्हात पानं गोळा केली, त्याचं नाव सगळ्यात शेवटी, जागा उरली तर.

एकदा चिरंजीव सुट्टीत लॅबला आले. भिंतीवर लावलेल्या पेपरात स्वतःचं नाव बघून विचारतात कसे, “पप्पा, मी कशावर संशोधन केलं?”

सर कौतुकानं म्हणाले, “बघा, किती जिज्ञासू आहे!”

*

आता दसरा. आमच्याकडं ट्रॅक्टरची पूजा होते, लॅबमध्ये मशिनींची. सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार, इन्क्युबेटरपुढं नारळ. आणि लॅबच्या सगळ्यात महागड्या मायक्रोस्कोपला सर स्वतः हळद-कुंकू लावायचे. बोट टेकवून न्हाई हो, चिमटीनं! स्लाईड ठेवायच्या जागेवर, लेन्सच्या कडेला, सगळीकडं. वर हुकूम : “दिवाळीपर्यंत पूजा पुसायची न्हाई. अपशकुन होतो.”

वर पंखा गरगर चालू.

*

दसऱ्यानंतर चारच दिवसांत शोध लागला! सीताफळाच्या पानांचा अर्क पेशींवर टाकला, मेलेली पेशी हिरवी चमकवणारा रंग घातला, निळा उजेड सोडला, तर स्लाईडभर हिरवे ठिपके चमकले. सर ओरडले, “मेल्या! कॅन्सरच्या पेशी मेल्या!” पेढे आले. पेपरात फोटो आला : ‘सीताफळाच्या पानात कॅन्सरचा इलाज’.

माझ्या शेजारच्या टेबलावर संगीता बसायची. हिमायतनगरची, बोलायला कमी, डोक्यानं तल्लख. अर्क न टाकलेली स्लाईडही तिनं बघितली. तीही चमकून राहिली होती. ती सरांकडं गेली.

सर म्हणाले, “म्हणजे न टाकताच परिणाम झाला! बघ, केवढा स्ट्राँग हाय अर्क!”

*

संगीतानं मला कोपऱ्यात घेतलं. “हळद हाय रे. निळ्या उजेडात हळद हिरवी चमकते.” त्या संध्याकाळी तिनं मायक्रोस्कोप स्वच्छ पुसला. सकाळी सरांनी परत हळद लावली, दुप्पट! वर आम्हालाच झापलं, “तुमच्या पिढीला श्रद्धाच न्हाई.”

मी म्हणालो, “सर, हळदीलाच द्या पीएचडी.”

माझी पीएचडी तिथंच संपली.

*

संगीताला मात्र सोडून जाता येईना. तिच्या मावशीला कॅन्सर. नांदेडला केमो चालू होती. पेपरातली बातमी वाचून मावशीनं केमो बंद केली आणि सीताफळाच्या पानांचा काढा सुरू केला. संगीता समजावून थकली.

मावशीचं एकच, “तू अजून शिकून राहिलीस. सर शिकलेले हाईत. त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी न्हाई मानणार.”

संगीता सरांच्या केबिनमध्ये गेली. एक फोन करा म्हणाली. सर म्हणाले, “पेशंटचा विश्वास असा तोडायचा नसतो.”

काय मोठं काळीज!

*

दिवाळीच्या तोंडावर लॅबमध्येच सरांचा सत्कार ठेवला. फेटे, शाली, विष्णुपुरीच्या विद्यापीठातले दोन प्राध्यापक, मायक्रोस्कोपला जोडलेला मोठा टीव्ही. मी लॅब सोडताना लागणाऱ्या नो ड्यूजच्या सहीसाठी गेलो होतो, दारातच उभा राहिलो. पहिल्या रांगेत संगीतानं आणून बसवलेली तिची मावशी. डोक्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ, मांडीवर काढ्याची बाटली.

सर म्हणाले, “संगीता, दाखव पाहुण्यांना.”

संगीतानं नवी कोरी काच ठेवली. टीव्हीवर हिरव्या चांदण्या! टाळ्या.

“यावर पेशी न्हाईत,” संगीता म्हणाली. “अर्क पण न्हाई. कोरी काच हाय.”

टाळ्या थांबल्या. सर हसले, “लेकरू घाबरलंय.”

संगीतानं कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि मायक्रोस्कोपवर टेकवला. सर फेट्यासकट धावले, “अगं ए, पूजा पुसू नको! सगळं जाईल!”

तिनं पुसलं. दुसरी कोरी काच ठेवली. टीव्ही काळाकुट्ट.

मावशी त्या काळ्या टीव्हीकडं बघत राहिली, मग सरांकडं. बाटली खुर्चीखाली ठेवून उठली.

“संगे, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो गं?”