नऊ नंबरचं रीळ

सिनेमाच्या बाबतीत माझं तोंड फटकळ आहे, हे सांगलीत मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर चुकलं की लाल रेघ मारल्याशिवाय हाताला चैन पडत नाही, आणि हल्लीचे सिनेमे तर लाल रेघांसाठीच काढतात की काय असं वाटतं.

आमच्या भागातला माणूस दाखवायचा म्हणजे त्याच्या प्रत्येक वाक्यात एक ‘लय’ टाकायचा, एवढं यांना पाठ झालंय. उसाच्या फडात राबणारी बाई परवाच इस्त्रीहून आणलेली साडी नेसते. गाव दाखवायचं ते घारीनं बघावं तसं वरून, कारण ड्रोन भाड्यानं आणलेला असतो. वाईच्या घाटानं तर आजवर इतक्या परप्रांतांची कामं केली आहेत की त्याला एखादं पारितोषिक द्यायला हवं. तो चुकून वाई म्हणून पडद्यावर आला तर आम्हालाच ओळखू येत नाही. आणि ते संगीत! कुठं रडायचं हे व्हायोलिन आधी सांगतं, मग नट रडतो, मग आपण रडायचं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातलीही मी नाही. जुन्या सिनेमांत पंचेचाळिशीचा नायक कॉलेजात पहिला येतो आणि पेढे घेऊन आईकडं धावतो. नायिका चुलीपुढं बसली तरी केसात गजरा. पण एक गोष्ट त्यांना येत होती. चेहऱ्यावर कॅमेरा ठेवला की तो लगेच उचलायचे नाहीत. नव्यातही कधीतरी असं भेटतं. मागे एका छोट्या सिनेमात एक बाई सलग चार मिनिटं मटकी निवडत बसली होती. माझ्या शेजारचा माणूस उठून पॉपकॉर्न आणायला गेला. मला त्या बाईच्या हातावरून नजर काढवेना. ती पुढं काय करणार आहे ते मला मटकीतच कळलं होतं.

तर, आमचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत सात-आठ माणसं जमतात, सिनेमा बघतात आणि चहा पिऊन एकमेकांच्या मतांना नावं ठेवतात. तिथं मी दोनेक वर्षांपूर्वी माझ्या सगळ्यात आवडत्या सिनेमाबद्दल तासभर बोलले होते. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शोधून बघाल आणि मला खोट्यात काढाल, जशी मी पुढं निघालेच.

तो सिनेमा मी नऊ वर्षांची असताना तंबूत बघितला. काळापांढरा, गोष्ट साधी. विधवा आई, एकुलता मुलगा फौजेत. मुलगा गेल्याची तार येते. आई तार छातीशी धरून बसते. आणि पुढच्याच क्षणाला तो मुलगा दारात उभा. पिशवी ठेवतो, पाय धुतो, जेवायला बसतो. आई समोर बसून वाढते. पोटभर जेवतो, सकाळी उठून निघून जातो, आणि शेवटी आई एकटीच दारात उभी राहून रस्त्याकडं बघत असते. संपलं.

मी मंडळात ठासून सांगितलं होतं, की हा आपल्याकडच्या सिनेमातला सगळ्यात धीट शेवट आहे. तार खोटी होती का? आईला आठवतंय का? भास होतोय का? दिग्दर्शक काहीच सांगत नाही. पडदा धूसर होत नाही, वीणा वाजत नाही. मेलेला मुलगा येतो आणि जेवतो, बस्स. हे आजच्या एकालाही जमणार नाही, असंही मी म्हणाले. सगळ्यांना पटलं, कारण तो सिनेमा दुसऱ्या कुणी बघितलाच नव्हता.

तो तंबूतला सिनेमा दाखवणारा ऑपरेटर म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. सुगी संपली की जत्रांच्या दिवसांत ते टुरिंग टॉकीजबरोबर गावोगाव फिरायचे. पाचशेच्या वर सिनेमे त्यांनी दाखवले असतील, पण त्यांचं एकाही सिनेमाबद्दल मत नव्हतं. मी लहानपणी विचारायची, “आण्णा, कसा हाय पिच्चर?” ते म्हणायचे, “प्रिंट चांगली हाय.” किंवा म्हणायचे, “लय जोड हायत गं, सारखा तुटतोय.”

याचं कारण मला फार उशिरा कळलं. तंबूत दोन मशीनं असायची. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. पुन्हा चमकला की बदल. डोळ्याचं पातं लवलं तर ठिपका चुकतो, पडदा पांढरा होतो आणि पब्लिक ऑपरेटरच्या आयाबहिणी काढतं. म्हणून आण्णांनी जन्मभर सिनेमाचा फक्त उजवा कोपरा बघितला. मधे कोण कुणाच्या गळ्यात पडलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आता आण्णा ब्याऐंशीचे आहेत आणि माझ्याकडं सांगलीत असतात. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं दिसणं गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला मागचा पडदा मधोमध खराब होतोय, कडेचं दिसत राहील, पण समोरचं माणसाचं तोंड दिसणार नाही. यंदा उजव्या डोळ्यालाही तेच सुरू झालं. डोळ्यात इंजेक्शनं देऊन थोपवून बघू, पण आशा फार धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी त्या दिवशी रिक्षात रडले. आण्णा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “रडू नगंस. कोपरा तर ऱ्हातोय की.”

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “मला एक पिच्चर बगायचाय. पुढं बसून, मधला.” कुठला ते विचारायची गरज पडली नाही. “त्यो फौजीचा,” ते म्हणाले, “डोळ्यात सुई टोचायच्या आत मिळतोय का बग.”

मी चकित झाले. आण्णांना सिनेमा बघावासा वाटतो हेच मला नवीन होतं, आणि त्यातही माझाच सिनेमा. मला मनातून अभिमान वाटला. म्हटलं, शेवटी आपल्या मताचा परिणाम झाला.

इंजेक्शनची तारीख बारा दिवसांवर होती. मी सगळीकडं शोधलं. शेवटी आमच्या मंडळातले एक निवृत्त बँकवाले आहेत, त्यांनी इंटरनेटवर कुणीतरी चढवलेली प्रत हुडकून काढली आणि मला पाठवली. सोबत लिहिलं होतं, “बाई, सापडला. पण तुमचा शेवट कुठं दिसला नाही.” मला रागच आला. शेवट न कळणाऱ्यांनी सिनेमे बघू नयेत, असं मी मनात म्हणाले.

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी टीव्हीला तो सिनेमा जोडला. आण्णांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढं नेऊन ठेवली. ते मान थोडी डावीकडं वळवून बसले, कारण उजव्या डोळ्याच्या कडेनं त्यांना जरा बरं दिसतं. पहिला दीड तास मीच अधूनमधून सांगत होते, आता आई विहिरीवर आली, आता मुलगा भरतीला निघाला.

मग मुलगा रजेवर घरी आला. पिशवी ठेवली, पाय धुतले, जेवायला बसला. हे इतक्यात कसं? तार तर अजून यायची होती. तो जेवला, हसला, सकाळी उठून पलटणीत निघून गेला. आणि त्यानंतर तार आली. मग आई दारात उभी राहिली आणि सिनेमा संपला.

धीट नाही, काही नाही. सरळ एकापुढं एक घडत गेलेली गोष्ट. शंभर सिनेमांत असतो तसा शेवट. पन्नास वर्षं मी ज्याच्यावर भाषणं ठोकली, तो शेवट सिनेमात नव्हताच. बँकवाल्यांचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

“उलटं लावलंस,” आण्णा म्हणाले.

“मी न्हाई उलटं लावलं. पिक्चर असाच आहे, आण्णा.”

ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, “व्हय. असाच हाय त्यो. मीच उलटा लावायचो.”

मग त्यांनी सांगितलं. त्या जत्रेत एकच प्रिंट दोन गावांत चालायची. पलीकडच्या गावात खेळ तासभर आधी सुरू व्हायचा आणि तिथं रीळ दाखवून झालं की एक माणूस मोटारसायकलवरून डबे इकडं आणायचा. पहिल्या दिवशी तिकडच्या ऑपरेटरनं घाईत नऊचं, जेवणाचं रीळ दहाच्या डब्यात आणि दहाचं, तारेचं नऊच्या डब्यात भरून पाठवलं. शेवटचं अकरावं, आई दारात उभी राहते ते, तेवढं जागेवर होतं. आण्णांनी डब्यावरचा आकडा बघितला आणि चढवलं. नजर नेहमीसारखी कोपऱ्यावर.

“मग कळलं कधी तुमाला?”

“तंबू गप झाला तवा. शिट्टी न्हाई, खोकला न्हाई. मला वाटलं आवाजच गेला मशीनचा. म्हनून खाली बगितलं.”

त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. बायकांच्या बाजूला पुढं एक बाई बसली होती. तिच्या मुलाची तार येऊन दोन महिने झाले होते. तिच्या जावा तिला मन रमेल म्हणून घेऊन आल्या होत्या आणि सिनेमात तारेचा प्रसंग आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पडद्यावर तार आली तशी त्या तिला उठवायला लागल्या, पण ती उठेना. आणि तेवढ्यात चुकीचं रीळ लागलं आणि पडद्यावरचा मुलगा घरी येऊन जेवायला बसला.

“खेळ सुटल्यावर आली माझ्याकडं. मी म्हनलं, आता शिव्या खातोय. तर म्हनली, आवं ऑपरेटर, उद्या बी शेवटाला जेवतो न्हवं त्यो?” आण्णांनी हात पसरले. “मग काय सांगायचं? म्हनलं, जेवतो की.”

जत्रेचा मुक्काम पाच दिवसांचा होता. पुढचे चार दिवस डबे बरोबर भरून आले आणि आण्णांनी रोज रिळांची अदलाबदल केली. मालकाला कळलं नाही. गावाला कळलं असेल तरी कुणी बोललं नाही. ती बाई रोज येत होती. मी चौथ्या दिवशी आईबरोबर तिथं गेले आणि तो सिनेमा बघितला, आणि तेवढ्यावर आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्या.

“आण्णा, मग तुमाला आज काय बघायचं होतं?”

“ते जेवान,” ते म्हणाले. “पाची दिवस मी त्या बाईकडंच बगत हुतो. ती काय बगती ते मला कवा दिसलंच न्हाई. ठिपका बी एकदा चुकला माझा.”

आत्ताही ते त्यांना नीट दिसलं नव्हतं. टीव्हीवर तो प्रसंग आला तेव्हा मी माझ्या शेवटाच्या काळजीत होते, काही सांगितलंच नव्हतं. मी रिमोट घेतला. आधी तार लावली. ती संपली तसा सिनेमा मागं ओढून जेवणावर आणला. आण्णांनी मान वळवून, वाकून बघायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, “तोंडं न्हाई दिसत. सांग तू.”

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि सांगायला लागले. भाकरी आहे. कालवण वाटीत आहे, काय ते कळत नाही. त्यानं पहिला घास घेतला. आई खात नाही, नुसती बसलीय. पदरानं वारा घालतेय. आता त्यानं पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरलाय.

“आन् ती?”

“तिनं हाताखालून अर्धी भाकरी सरकवली.”

“सरकवनारच,” आण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मीही रडत होते. व्हायोलिन वाजत होतं, चांगलं मोठ्यानं वाजत होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन आलो. इंजेक्शननं किती थोपेल ते महिन्याभरानं कळेल म्हणाले. बँकवाल्यांना मी फोन करून सांगितलं की तुमचं बरोबर आहे, शेवट माझ्या वडिलांचा आहे. त्यांना काही उमगलं नाही. पुढच्या बैठकीत सगळं सांगेन.

घरी आल्यावर डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आण्णांना पलंगावर निजवलं आणि अंगावर चादर घातली. झोप लागली असं समजून मी निघाले, तर त्यांनी हाक मारली.

“उद्या बी जेवतो न्हवं त्यो?”

“जेवतो की, आण्णा,” मी म्हटलं.