बशीतल्या पाच गोळ्या

साळवी सर गेल्याचं त्यांच्या भावाचं पत्र महिन्यापूर्वी चिपळूणहून आलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही... शेवटी लिहिलं होतं, "रोज गोळ्या घेण्याआधी दादा बशी पुढे करून म्हणायचा, 'बाई, मोजा.' समोर कुणी नसलं तरी. तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे का?"

ठाऊक आहे. त्या बाई म्हणजे मी.

ऐंशीच्या दशकात सिल्वासातल्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी गणित. टोकरखाड्याच्या क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर, आणि दोघंही एकटी. उन्माद आणि उदासी आलटूनपालटून येण्याचा त्यांना आजार होता. लिथियम, झोपेची एक आणि तिसरी कसली तरी, अशा रोज तीन गोळ्या. घेतल्या की नाही हे विसरण्याची त्यांना धास्ती, म्हणून संध्याकाळी माझ्याकडे चहाला येत, गोळ्या बशीत काढत आणि म्हणत, "बाई, मोजा." गणिताच्या बाईला तीनपर्यंत मोजायला लावणारा हा एकच माणूस. मी "तीन" म्हटलं की मगच गिळत.

लिथियमनं त्यांचे हात कापायचे, फळ्यावर नकाशा काढताना खडू थरथरायचा. "कोकणचा किनारा आता जास्त खरा येतो," म्हणून स्वतःच हसत. पण एरवी फार गप्प झाले होते. एकदा मी म्हटलं, "ही लिथियमची थोडे दिवस गाळून बघा की." कारण हातांचं सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांचं बोलणं हवं होतं. माझ्याशी दुसरं बोलणारं होतं कोण...

त्यांनी ऐकलं. पंधरवडाभर इतकं बोलले की चहा गार व्हायचा. मी रोज दोनच मोजत होते आणि खुशीत होते. मग एका सकाळी शाळेचा शिपाई धावत आला. "बाई, सर सातवीची आखी पोरं घेऊन नदीकाठानं निघाले. बोलतात, दमणगंगाचा उगम दाखवतो. मी रोकलं, पण ऐकतच नाय."

पोरं सुखरूप परतली. सरांना भावानं मुंबईच्या इस्पितळात नेलं. तीन महिन्यांनी आले ते पाच गोळ्या घेऊन. गोळी कुणाच्या सांगण्यावरून गाळली, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या संध्याकाळी नेहमीसारखी बशी पुढे आली. "बाई, मोजा." मी बोटानं एकेक गोळी बाजूला सारली. म्हटलं, "पाच." "पाचच," ते म्हणाले आणि चहा मागितला. निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत रोज आले. माफी मागायची मात्र राहूनच गेली.

भावाला अजून उत्तर लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात मलाही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. एकच आहे. तरी ती बशीत काढते, "सर, मोजा," म्हणते, आणि कुणी "एक" म्हटल्याशिवाय ती काही गिळवत नाही...