अंथरुणाएवढी जागा

डिलाईल रोडवरच्या गावकीच्या खोलीत चौदा बाप्ये राहत आणि अंथरुणं मात्र सातच पसरता येत. दिवसपाळीवाला गिरणीत गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला आडवा होई. बुधाजी आणि लवू यांची जागा एकच, मोरीलगतची. आठ वर्षं दोघं एका जागेवर निजले, पण शेजारी शेजारी कधी नाही.

दिवाळीनंतर कापड विणायच्या साच्यावर सुताचा जड बीम चढवताना बुधाजीचा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर उठेना. त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राहिला आणि जॉबरने बजावलं, "शिमग्यापर्यंत थांबतो. मग तुझं नाव कापणार." गावाकडची चार पोटं त्या साच्यावर. बुधाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

परळच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी खांदा चाचपला आणि भलतंच सांगितलं. "आतली दोरी दुखावलीय. पण तुमचं पोट आणि कंबर ढिली, म्हणून सगळा भार खांद्यावर येतो. आधी तीच घट्ट करा." उताणं पडून गुडघे उभे, पोट आत, कंबर वर. मग रांगतं होऊन डावा हात पुढे, उजवा पाय मागे. रोज तासभर.

दुखणं खांद्याला आणि औषध पोटाला! बरं, करायचं म्हटलं तरी कुठे? रात्री गुडघा उचलला की शेजाऱ्याच्या बरगडीत. दिवसा तिथे लवू घोरत पडलेला. गॅलरीत एकदा आडवा झाला, तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या, "बाळंतीण बघा गो!" मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पुढे दोन महिने या शहाण्याने काही केलं नाही आणि बाईंना मात्र "करतोय" सांगत राहिला.

जानेवारी उजाडला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव पेटलेलं. एका सकाळी लवू रातपाळी करून आला, डोळे तांबारलेले. बुधाजीने अखेर तोंड उघडलं, "लवू, तासभर माका जागा दे रे."

"घे की! इतके दिस बोलाक काय झालेला तुका? मी नाक्यार जावन चाय पिऊन येतंय."

बुधाजी कंबर उचलून आकडे मोजत होता, तेव्हा बाहेर पोलिसांच्या गोळ्या झडल्या. लवू चहाच्या दुकानापर्यंतही पोहोचला नाही.

त्यानंतर दिवसा ती जागा मोकळीच राही. तिच्यावर निजायला कुणी धजेना. बुधाजी रोज तिथे पडून व्यायाम करी. डोळ्यांतलं पाणी कानात उतरे, पण एक दिवस चुकवला नाही त्याने. पोरांना जगवायचं होतं.

शिमग्याच्या आठवडाभर आधी हात डोक्यावर गेला. बाई खूश झाल्या. "आता खरा व्यायाम होतोय. आधी काय अडलं होतं?"

"खोलीत जागा नव्हती, बाई."

"मग मागायची. तासाभराला कोण नाही म्हणणार?"

"मागितली," बुधाजी म्हणाला. "लगेच दिल्यान."