रॅम्पवरचे अकरा सेकंद

अन्याय झाला तो तळमजल्यावरच्या आत्यांवर. गेल्या वर्षी, विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहाला, आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीच्या सभेत. ठराव असा की सकाळी आठ ते दहा आत्यांनी आपली जुनी गाडी रॅम्पवर आणू नये, मागच्यांचा खोळंबा होतो. हात वर करणाऱ्या एकालाही आठवलं नाही, की तो रॅम्प आणि आपण बसलोय ती खुर्चीसुद्धा आत्यांच्या सासऱ्यांच्या भातखाचरावर आहे.

खोळंबा काय, तर खालच्या पार्किंगमधल्या आपल्या जागेतून आत्या रिव्हर्समध्ये रॅम्पच्या तोंडाशी यायच्या, ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवायच्या आणि मागच्यांना दिसेल असा उजवा तळहात खिडकीबाहेर धरायच्या. "टेकू दे तिला," म्हणायच्या. मग ड्राइव्ह. गिअर बसल्याचा हलका हिसका जाणवला की मगच अ‍ॅक्सिलरेटर. असल्या गाडीमागे तुम्हीही कधीतरी हॉर्न वाजवलाच असेल.

गाडी पंचवीस वर्षांची, ऑटोमॅटिक. आत्यांचा डावा गुडघा लावणीच्या चिखलात कायमचा गेलेला. क्लच दाबवत नाही, रिक्षात चढवत नाही. या गाडीचा गिअरबॉक्स गेला तर त्याचे पार्ट कुठे मिळत नाहीत, म्हणजे गाडी भंगारात. आणि शहाडला त्यांची अंथरुणाला खिळलेली बहीण. तिची सून साडेआठला कामावर निघते, त्यानंतर भाकरी भरवायला आत्याच. ठरावात यातलं एक अक्षर नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. पाण्यासाठी लिहिलीत, फुटपाथसाठी लिहिलीत. त्या रविवारी मी तशीच तणतणत त्यांच्या दारात गेलेली, आणि आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "टेक आधी, बाय."

टेकले. चहा झाला. मग त्यांनी मला गाडीच चालवायला बसवलं. जिच्यासाठी भांडायचं तिला आधी ओळख, असं त्यांचं म्हणणं. मी काय केलं? गाडी अजून मागे सरकतेय आणि मी दांडा ओढला ड्राइव्हवर. धप्प. आत्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, गोठ्यातल्या गुरावर ठेवावा तसा.

"मांगं चाललेल्या बैलाला पुढं हाकलतंस का गो? पाय मोरंल त्याचा." मोरंल म्हणजे मोडेल, आणि बैलाचा पाय म्हणजे गाडीचा गिअरबॉक्स.

उतारावर गाडी लावायची तर वेगळा सोपस्कार. ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक. मग ब्रेकवरचा पाय अलगद सोडायचा, गाडी बोटभर सरकून हँडब्रेकवर टेकते, आणि त्यानंतर पार्क. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खुंटीवर लटकतं. कल्याणच्या मेकॅनिकने गिअरबॉक्सचं तेल तपासायला काढलेली पट्टी मला उन्हात धरून दाखवली. तेल अजून नव्यासारखं लाल होतं, जळून काळं पडलेलं नव्हतं. तो शेजारच्या गॅरेजवाल्यांनाही बोलावून दाखवायचा, देवाचं दर्शन घडवावं तसं.

मी सकाळी रॅम्पवर मोबाइलचं घड्याळ लावून उभी राहिले. माझ्या पत्रकाचा मथळा तयार होता: आत्यांना इतरांइतकाच वेळ लागतो. तीन दिवस मोजलं. लागत नव्हता. अकरा सेकंद जास्त लागत होते. खरं सांगते, मी चार लिहायच्या बेतात होते.

आत्यांनी पत्रक वाचायला चष्मा लावला आणि विचारलं, "अकरा ना? मग अकरा लिही."

लिहिलं. पुढच्या सभेत सेक्रेटरींनी ते पत्रक सगळ्यांसमोर फडकवलं. त्यांच्याच लोकांनी कबूल केलंय, आणखी काय पुरावा पाहिजे? आत्या खुर्चीचा हात धरून उठल्या. त्यांनी सेक्रेटरींना एवढंच विचारलं, "तुझी पन गारी ऑटोमॅटिक ना रं? रिव्हर्समधून पुढं घेतंस तवा दनका बसतो का?"

सेक्रेटरी कागदाची घडी घालत म्हणाले, "थोडा बसतो."

"मग संध्याकाळी खाली ये. दाखवते."

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं, मग सेक्रेटरींच्या बायकोला आवरेना. ठराव तिथल्या तिथे मागे घेतला गेला. आणि सेक्रेटरी संध्याकाळी खरंच गेले, वहीपेन घेऊन. पुढे महिनाभर पार्किंगमध्ये त्यांचा आवाज यायचा, स्वतःशीच: टेकली, टेकली, आता ड्राइव्ह.

दिवाळीनंतर आत्या शहाडला बहिणीकडेच राहायला गेल्या. रोजची ये-जा नको, दोघी म्हाताऱ्या भांडायला एका घरात बऱ्या, म्हणाल्या. निघाल्या सकाळी नऊला, मुद्दाम, ऐन गर्दीत. डिकीत पिंप, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं. मागे सहा गाड्या उभ्या, पहिली सेक्रेटरींची. आत्यांचा तळहात खिडकीबाहेर आला. त्याच क्षणी सेक्रेटरींनीही आपला तळहात बाहेर काढला, मागच्या पाचांसाठी. कुणीही हॉर्न वाजवला नाही. गाडी टेकली, हलकेच पुढे झाली आणि रॅम्प चढून उन्हात गेली.

उद्या सकाळी तुमच्याही पुढे अशी एखादी गाडी थांबेल. हॉर्नवरचा हात काढा आणि अकरापर्यंत मोजा.